लागणं आणि दुखणं

गेल्या थंडीत आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात अकरावीतल्या एका मुलीने काचेच्या वाडग्यात सात-आठ चपटकृमी मांडले होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या ओढ्यातून, दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेले उचलून आणलेले. करंगळीच्या नखाएवढे, तपकिरी, बाणाच्या टोकासारखं डोकं आणि त्यावर दोन तिरळे डोळे. प्लॅनेरिया. मोहरी फेसून, गाळून, भरपूर पाणी घालून तिने एक द्रावण केलं होतं. ड्रॉपरने त्याचा थेंब सोडला, की एरवी काचेवरून तेल ओघळावं तसा सरकणारा तो जीव एकदम अंग आखडायचा, ताणायचा, पुन्हा आखडायचा आणि तसाच उचक्या दिल्यासारखा पळायचा. फलकावर लिहिलं होतं, ‘चपटकृमींच्या साहाय्याने वेदनेचा अभ्यास’. कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि पुढचा आठवडाभर तालुक्यातले फोन आणि पारावरचे कट्टे त्यानेच तापले.

दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मुक्या जिवाला मोहरी झोंबवून लेकरं कसलं विज्ञान शिकणार? दुसऱ्याचं म्हणणं, किड्याला कसली आली वेदना, आणि कपाशीवर फवारणी करता तेव्हा कुठे जाते ही दया? मी 30 वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी माझ्याकडे साक्ष मागितली. मी दोघांनाही दिली नाही, कारण दोघांची चूक एकच आहे. त्या आखडण्यालाच दोघं वेदना समजतात. एक म्हणतो, आखडला म्हणजे तळमळला. दुसरा म्हणतो, तळमळणारं मन तिथे नाहीच, तेव्हा काहीही करा.

माझं मत आधीच सांगतो. इजेला शरीर कसा प्रतिसाद देतं याचा अभ्यास चपटकृमींवर जरूर व्हावा, आणि तो पुण्या-मुंबईच्या संस्थांतच नव्हे, खान्देशातल्या तालुक्याच्या कॉलेजांतही व्हावा. पण तो करण्याचा परवाना ‘त्याला दुखत नाही’ या वाक्यातून काढू नये, कारण ते वाक्य आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि त्या फलकावरचा ‘वेदना’ हा शब्द चुकीचा होता.

पोर पडलं की आई आधी विचारते, ‘लागलं का?’ मग जरा वेळाने विचारते, ‘दुखतंय का?’ आपल्या भाषेने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. लागणं बाहेरून दिसतं: खरचटलं, पोळलं, हात झटकन मागे आला. दुखणं त्या पोरालाच ठाऊक. तव्याला बोट लागतं तेव्हा हात मागे येतो तो मेंदूला खबर पोचायच्या आत. मज्जारज्जू परस्पर निर्णय घेऊन मोकळा होतो, आग नंतर होते. मज्जारज्जूला वर इजा झालेल्या माणसाचा पाय टोचल्यावर आखडू शकतो, आणि तो माणूस स्वतःच त्या पायाकडे परक्याचा पाय असल्यासारखा बघत राहतो. पाय आखडला खरा, पण दुखलं कुणाला? चार्ल्स शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने 1906 मध्ये या पहिल्या भागाला ‘नोसिसेप्शन’ असं स्वतंत्र नाव दिलं. मराठीत आपण इजा-संवेदन म्हणू. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 मध्ये वेदनेची व्याख्या केली, 2020 मध्ये ती सुधारली, आणि सोबत बजावून ठेवलं की इजा-संवेदन आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच टिपणात दुसरंही एक वाक्य आहे: सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा जनावराला वेदना नसेलच, असं समजू नये. कट्ट्यावरच्या एका तटाला पहिलं वाक्य ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्याला दुसरं. (‘जिव्हारी लागणं’ हा वाक्प्रचार माझ्या मांडणीत खोडा घालतो, याची मला कल्पना आहे. भाषा कधी कुणा मास्तरचं पूर्ण ऐकत नाही.)

आता त्या मुलीने मोहरीच का घेतली ते बघा. आख्खी मोहरी तिखट नसते. ती फेसली, पाणी लागलं, की तिच्यातून उग्र तेल सुटतं आणि नाकात सणक जाते. लोणचं घालणाऱ्या बाईला हे सांगायला नको. ती सणक पोचवणारी एक प्रथिनाची झडप आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असते, तिचं नाव टीआरपीए-1. मिरचीसाठी तिची चुलत बहीण आहे, टीआरपीव्ही-1. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत ती शोधली, आणि 2021 मध्ये ज्युलियस यांना त्याबद्दल नोबेल मिळालं, स्पर्श-दाबाच्या झडपा शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून. गंमत अशी की हीच मिरचीची झडप कढत उष्णतेलाही उघडते. नंदुरबारच्या पथारीवर दिवसभर मिरच्या निवडणाऱ्या बायांच्या हातांची रात्री ‘आग’ होते, असं आपण म्हणतो. ती उपमा नव्हे, शरीराच्या लेखी ती खरोखरच आग असते. कुलूप एकच, किल्ल्या दोन.

हे कुलूप किती जुनं? इथे चपटकृमी कामाला आला. 2017 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये काम प्रसिद्ध केलं. प्लॅनेरिया कढत जागा आणि झोंबणारी रसायनं टाळतो, आणि त्याच्यातलं टीआरपीए-1 निकामी केलं की टाळत नाही. मग त्यांनी या झडपेचं जनुक नसलेल्या फळमाशीत, जी उष्णतेपासून नीट पळत नव्हती, एकदा चपटकृमीचं टीआरपीए-1 घातलं आणि एकदा माणसाचं. दोन्ही वेळा माशी पुन्हा पळू लागली. वाडग्यातल्या त्या तिरळ्या डोळ्यांच्या जिवाचं कुलूप माशीच्या दाराला बसलं, आणि आपलंही बसलं! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही झडप थेट उष्णतेने उघडत नव्हती. उष्णतेने पेशी दुखावल्या की हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट रसायनं तयार होतात आणि झडप त्यांचा वास घेते, असं त्यांच्या पुराव्यावरून दिसलं. म्हणजे ती आगीची वर्दी देत नव्हती, जळाल्याची देत होती. आणि ही व्यवस्था 50 कोटी वर्षांहून जुन्या एखाद्या समान पूर्वजाकडून आली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे उंदरावर कळलं नसतं. उंदीर आपला फार जवळचा नातेवाईक. त्याच्यात आणि आपल्यात काही सारखं निघालं, तर ते किती जुनं हे त्याच्यावरून सांगता येत नाही. दूरचा नातेवाईक लागतो.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा, जो कट्ट्यावर कुणीच मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. चपटकृमीचं लागणं आपल्यासारखं असेल तर त्याला दुखतही असणार, मग प्रयोग क्रूर. आणि आपल्यासारखं नसेल तर प्रयोग निरुपयोगी. दोन्हीकडून कात्री. उंदीर-माकडांवरच्या प्रयोगांविरुद्ध ही कात्री फार जुनी आहे आणि तिथे ती खरंच चालते. नैराश्य किंवा भीती उंदरात उभी करायची आणि वर ‘त्याला तसं काही वाटत नाही’ म्हणायचं, हे जमत नाही. पण इथे कात्रीची पाती एकमेकींना भेटत नाहीत. इथे साधर्म्य मागितलं आहे ते कुलपाचं, घरात राहणाऱ्याचं नाही. दाराचं कुलूप सारखं असेल तर आत माणसं राहतात की कडबा भरलेला आहे, हे कुलपावरून ठरत नाही. तरी कुलूप कसं चालतं हे शिकता येतंच.

पण इथेच दुसरा तट टाळ्या पिटायला लागतो, आणि त्याला थांबवायला हवं. ‘आत कडबाच आहे’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? याच उतावळेपणाचा एक दाखला माणसांतलाच आहे. 1980च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांत नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की बाळ हलत नसे. समज असा की त्याची मज्जासंस्था अजून कच्ची आहे. ते करतं ती नुसती प्रतिक्षिप्त हालचाल, दुखणं नव्हे. आणि भुलीचाच धोका जास्त. के. जे. एस. आनंद हे सातपुड्याच्या पलीकडच्या इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉक्टर. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या बाळांना फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण खूप कमी होता आणि नंतरचे बिघाडही कमी झाले. ज्यांना ते दिलं नव्हतं ती बाळं हलत नव्हती, ओरडत नव्हती, आणि आतून त्यांचं शरीर पेटलं होतं.

मज्जारज्जू तुटलेल्या माणसाचा पाय आणि शिथिल केलेलं ते बाळ, हे दोन दाखले शेजारी ठेवा. एकात हालचाल आहे, दुखणं नाही. दुसऱ्यात हालचाल नाही, आणि दुखणं आहे. म्हणजे आखडण्यावरून दुखणं सिद्ध होत नाही आणि न आखडण्यावरून ते खोडूनही निघत नाही. पोपटाचंच घ्या. आमच्या मळ्यात लाल मिरची पिकली की पोपट ती मिटक्या मारत खातात. त्यांच्यातही मिरचीची झडप आहे, पण कॅप्सेसिनची किल्ली पक्ष्यांच्या कुलपाला लागत नाही. म्हणून पोपटाला दुखतच नाही म्हणाल का? त्याच झडपेवर निखारा ठेवून बघा म्हणजे कळेल. नका ठेवू, वाक्य म्हणून लिहिलं.

मी स्वतः वर्गात बरीच वर्षं एक युक्तिवाद करत आलो. प्लॅनेरियाच्या अनेक जाती स्वतःला मधोमध फाडून वंश वाढवतात. शेपटीकडचा भाग काचेला घट्ट धरतो, पुढचा भाग ओढ घेतो, आणि एकाचे दोन होतात. टी. एच. मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृमीच्या 279 व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा कृमी उभा राहू शकतो, असं नोंदवलं. ज्याला फाटणं हेच बाळंतपण, त्याला फाटण्याची यातना निसर्ग कशाला देईल? असं मी ऐटीत विचारायचो. एके वर्षी शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, मग बायांना बाळंतपणात का दुखतं?’ तो युक्तिवाद मी त्या दिवशी टाकला. पण त्यातला एक प्रश्न मात्र अजून सुटत नाही. डोकं नसलेला शेपटीचा तुकडाही डिवचला की आखडतो. काही दिवसांनी दोन्ही तुकडे पूर्ण कृमी होतात. दुखलं असेल तर ते कोणत्या एकाला? वेदना म्हटलं की ती भोगणारा कुणी एक धरावा लागतो, आणि हा प्राणी त्या ‘एक’पणाशीच फारकत घेऊन बसलाय. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, देशभरची माणसं तिथे येऊन मन आणि जड यांचा काथ्याकूट करत. त्यांच्या टेबलावर कुणी हा वाडगा ठेवायला हवा होता.

आता आणखी एक मुद्दा, आणि हा मला व्यक्तिशः सर्वांत बोचतो. आमच्या एका डॉक्टर मित्राने तो मांडला. धडगाव, अक्कलकुव्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्याचा झटका आला की विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत तुंबतात आणि हाडांतून अशी कळ उठते की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. तो म्हणाला, ‘त्या पोराला नवीन झडप नकोय रे, त्याला मॉर्फिन हवंय. जे औषध दोनशे वर्षांपासून आहे ते पोचवता येत नाही, आणि तुम्ही कृम्यांना मोहरी लावताय.’ खरं आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते. त्या अफूपासून निघणारं मॉर्फिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात इतकं अडकलं, की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, तरी सवय मोडली नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झालं. चाचण्या वाढल्या, चांगलं झालं. पण रात्री दोन वाजता कळ उठलेल्या पोराला डोंगरातून खाली आणेपर्यंत काय, हा प्रश्न तिथेच आहे.

तरी माझं म्हणणं असं की हा मुद्दा कृमीविरुद्ध नाही, व्यवस्थेविरुद्ध आहे. मॉर्फिन पोचलं पाहिजे आणि मॉर्फिनच्या पुढेही गेलं पाहिजे. ते श्वास मंदावतं, पोट बांधतं, सवय लावतं, आणि मज्जातंतूच बिघडल्याने होणाऱ्या वेदनेवर, मधुमेहींच्या तळपायाच्या आगीवर, ते अनेकदा तोकडं पडतं. तळपायाची ती आग खान्देशात आता किती घरांत आहे, ते आपापल्या घरात मोजा.

पण कृमीतून औषध मिळेल का? इथे माझ्यासारख्या, प्रयोगाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी जरा नमतं घ्यावं. उंदरात चाललेलं माणसात चालत नाही, तिथे कृमीची काय कथा? ‘सबस्टन्स पी’ नावाच्या रसायनाची वाट अडवली की उंदीर-घुशींची वेदना कमी होते, असं दिसलं होतं. मोठ्या कंपन्यांनी 1990च्या दशकात त्यावर पैसा ओतला. माणसांत वेदना कमी झालीच नाही. त्याच कुळातलं एक औषध 2003 पासून कर्करोगाच्या उपचारातल्या उलट्यांवर मात्र उत्तम चालतं. नंतर मिरचीची झडप बंद करणारी औषधं आली, तर माणसांच्या अंगात ताप चढला आणि काहींना कढत पाणी कढत लागेना. कुलूप काढून टाकलं तर घराला काय होतं, हे आपल्याला कुष्ठरोगाने फार आधी शिकवलं आहे. बोटं जिवाणू खात नाहीत, न कळलेले चटके आणि जखमा खातात. तेव्हा चपटकृमीवरून उद्या गोळी निघेल असं जो सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कृमीकडून मिळतं ते वेगळं: एखादी झडप निसर्गाने किती घट्ट जपली आहे, ती कोणत्या रसायनाने उघडते, तिच्यावाचून प्राणी काय करेनासा होतो. हे प्रश्न आज उंदरावर विचारले जातात तिथे आधी कृमीवर विचारले, तर पुष्कळ उंदीर वाचतील. प्रयोगातले प्राणी बदला, कमी करा, त्यांचा त्रास कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच मांडली होती. आणि चपटकृमींच्या झडपा कळण्याचा थेट उपयोगही आहेच. शिस्टोसोम या परजीवी चपटकृमीवर जगभर प्राझिक्वांटेल हे औषध देतात. ते नेमकं कसं मारतं हे दशकानुदशकं कोडं होतं, आणि अलीकडे कळलं की ते कृमीतल्या टीआरपी कुळातल्याच एका झडपेवर बसतं.

दयेला यंत्रणेचं ज्ञान नसलं की काय होतं, त्याचा दाखला आमच्या गावकुसाबाहेर आहे. लहानपणी मेलेलं ढोर ओढून टाकायच्या जागेवर गिधाडांची रांग बसलेली असायची. आज तिथे कुत्री असतात. लंगडणाऱ्या बैलाला, कासेची सूज आलेल्या गायीला आराम पडावा म्हणून लोकांनी डायक्लोफिनॅक टोचलं, चांगल्या मनाने टोचलं. असं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2004 मध्ये कारण उमगलं, 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली, तोवर काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. एका शरीराची कळ थांबवणारं औषध दुसऱ्या शरीरात विष ठरलं. ते औषध आधी किती तऱ्हेच्या शरीरांत तपासलं होतं?

फवारणीचा मुद्दा मात्र मी वापरणार नाही, जरी तो माझ्या बाजूचा आहे. कपाशीवर एका दिवसात जेवढे जीव मरतात तेवढे त्या मुलीच्या सात पिढ्या मारू शकणार नाहीत, हे खरं. पण शेजाऱ्याने पोतं चोरलं म्हणून आपली मूठ माफ होत नाही.

शिवाय मूठ खरंच आपली असते. चपटकृमी स्वस्त आहे. स्वच्छ पाणी, काचेचा वाडगा, उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा काळजाचा बारीक तुकडा, एवढ्यावर तो जगतो. उंदीरघर बांधणं ज्या कॉलेजला सात जन्मांत परवडणार नाही, तिथली पोरंही खरा प्रश्न खऱ्या प्राण्याला विचारू शकतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. पण स्वस्त वस्तू निष्काळजीपणे हाताळली जाते. मी विद्यार्थी असताना एका प्रात्यक्षिकाला तीस बेडूक होते, तीस जणांनी तेच एक चित्र काढलं, आणि ते चित्र पुस्तकात आधीच होतं. त्या तिसातला एक माझा. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद करायला लावलं तेव्हा माझ्या बरोबरीचे शिक्षक हळहळले. मी हळहळलो नाही. आता तीस बेडकांच्या जागी तीनशे कृमी चिरले जाणार असतील, ‘बघा कसा आखडतो’ म्हणून टाळ्या पडणार असतील, तर मी पहिल्या तटात जाऊन बसेन.

अतिरेकी उत्साहाने या प्राण्याचं आधीच एकदा वाटोळं झालं आहे. 1950-60च्या दशकांत मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉनेल यांनी प्लॅनेरियाला प्रकाशामागोमाग विजेचा झटका देत ‘शिकवलं’. मग शिकलेल्या कृम्यांचे तुकडे न शिकलेल्यांना खाऊ घातले आणि जाहीर केलं की आठवणीही पोटातून पोचल्या. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? इतरांना तो निष्कर्ष पुन्हा नीट मिळेना, आणि नंतर बरीच वर्षं ‘प्लॅनेरियाची स्मृती’ म्हटलं की शास्त्रज्ञ हसायचे. कृमीवर न दिसलेलं मन लादलं की असं होतं. ‘वेदनेचा अभ्यास’ हा फलक मला म्हणूनच खटकला.

मग नियम कोणता धरायचा? आपल्याकडे नियमाची उणीव नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याची व्याख्या करतो ती ‘माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी’ अशी. चपटकृमी त्यात बसतो. तोच कायदा ज्ञानासाठी, यातना कमी करण्यासाठी प्रयोगांना मुभा देतो, आणि सांगतो की लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठ्यावर करू नका, पुस्तक-प्रतिकृतीने भागत असेल तर शिकवण्यासाठी प्राणी घेऊच नका. हे संसदेने प्लॅनेरिया डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं नसेल, पण त्याला चपखल लागू पडतं. ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे आणि अष्टपाद यांना संवेदनशील प्राणी मानलं, ते पुरावे तोलून: शंखातला खेकडा विजेचा झटका सोसायचा की चांगला शंख सोडायचा, याचा हिशेब करतो असं दिसलं. असा हिशेब म्हणजे नुसतं आखडणं नव्हे. चपटकृमीचं नाव त्या यादीत नाही. उद्या पुरावा आला तर येईल, आणि तेव्हा माझंही मत बदलेल. जळगावातले माझे जैन मित्र हसतात. त्यांच्या परंपरेत कृमी कधीचाच द्वीन्द्रिय जीव म्हणून नोंदलेला आहे, स्पर्श आणि रुची या दोन इंद्रियांचा. मी त्यांना म्हणतो, याला डोळेही आहेत, वर्गवारी सुधारा. ते म्हणतात, मग त्याला लावायची मोहरी आणखी पातळ करा.

प्रदर्शन उठल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या जिजीने चहा ठेवला आणि मला दारातच अडवून विचारलं, ‘त्याले बी जीव शे ना भाऊ?’ मी म्हणालो, ‘शे ना, जिजी.’ मुलीने वही दाखवली. फलकावर शीर्षक मास्तरांनी घातलं होतं. वहीत ‘वेदना’ हा शब्द कुठेच नव्हता. रकाने होते: मोहरीचं प्रमाण, किती सेकंदांनी आखडला, किती वेळा, किती वेळाने पुन्हा सरकू लागला. नुसत्या पाण्याचा थेंब टाकूनही तिने तेवढ्याच नोंदी घेतल्या होत्या. पुरेसा प्रतिसाद दिसतो असं सर्वांत पातळ द्रावण सापडल्यावर पुढचे सगळे प्रयोग तिने त्यावरच केले होते. एका कृमीला दिवसातून एकदाच, मग स्वच्छ पाणी आणि बलक.

चौथ्या कृमीच्या ओळीत लिहिलं होतं, ‘आखडला नाही. तीनदा पाहिलं.’ मी विचारलं, ही ओळ फलकावर का नव्हती? ती म्हणाली, मास्तर म्हणाले, हा बिघडलेला आहे, वगळ. तिने वहीतून वगळला नव्हता. त्याच्यापुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, लिहून ठेवलं होतं: ‘लागलंच नाही, की हलता आलं नाही?’